अप्पांचा अंधार

डायवर अप्पांना उजेडाचा राग होता. दिवेलागण झाली की ते खिडकीवर ट्रकची ताडपत्री ओढत आणि आत सोयाबीनची पोती भरल्यासारखा दोर आवळत. नळदुर्गला आमची घरं समोरासमोर, हायवेलगत. ढाब्यांचा झगमगाट थेट भिंतींवर. "अप्पा, आज माल कुठं चाललाय?" असं मी चिडवायचो. "झोपंच्या गावाला, मास्तर," ते म्हणायचे.

खरं तर हा माणूस उजेडातच जगला. उभा जन्म सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर रात्रभर हेडलाईटच्या उजेडात ट्रक चालवला, दिवसा ट्रकखाली तोंडावर गमछा टाकून झोपला. "रातीला रस्ता आपल्या बापाचा असतो," असं मोठ्या ऐटीत सांगायचे. ट्रक विकला तरी रात्री डोळा लागेना. त्यातच प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि घरातल्या सगळ्यांचीच झोप उडाली.

सोलापूरला शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. शाळेला सुट्टी होती म्हणून सोबत मी जायचो. मध्येच ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: अंधारात झोपलं की अंगात मेलाटोनिन तयार होतं, ते कॅन्सरला मारतं, गोळ्याही मिळतात. अप्पांनी गोळ्या मागवल्या, माळ्यावरची ताडपत्री काढली आणि शेकाला जाणंच बंद केलं. "औषध अंगातच हाय, मास्तर. म्या त्ये हेडलाईटीत जाळलं."

शेक मध्येच तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज संध्याकाळी समोरचा दोर करकरला की वाटे, आणखी एक दिवस गेला. मी समजावलं, रागावलो, अबोला धरला. अप्पा हसून गोळी गिळायचे. शेवटी काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदाच बोलल्या.

"उताराला गाडी सुटल्यावर नुस्ता हारन वाजवत बसता व्हय? बिरेक कोण लावनार?"

दुसऱ्या दिवशी अप्पा मुकाट्यानं एसटीत बसले.

डॉक्टर आधी चिडले, मग शांतपणे म्हणाले, "मेलाटोनिन झोप आणतं, हे खरं. कॅन्सरवर त्याचा उपयोग होतो का, याचा अभ्यास चालू आहे. खात्री कुणालाच नाही. अंधारात खुशाल झोपा, पण शेक सोडायचा नाही आणि मला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही."

अप्पांनी मान डोलावली. उठता उठता खालच्या आवाजात विचारलं, "सायेब, माज्या रातींनीच आनलं का ह्ये?"

"रात्रीच्या जागरणानं धोका वाढत असावा म्हणतात, पण एका माणसाचं ठाम सांगता येत नाही, अप्पा."

परतीच्या वाटेवर ते समोरून येणारे ट्रक न्याहाळत होते. "ह्या पोरान्ला कुनी सांगायचं, मास्तर?" एवढंच बोलले.

शेक पुरा झाला. गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, ताडपत्री मात्र राहिली. अप्पांना खरंच झोप लागू लागली. सकाळी ते ताडपत्रीचा एक कोपरा उचलून माझ्याकडं बघून हात हलवत. तो हात दिसला की मग मी चहाचा पहिला घोट घेई. वर्षभर हे सुख मिळालं. मग दुखणं हाडांत उतरलं. कोपरा उशिरा उघडू लागला, आणि मी गार चहा हातात धरून ओट्यावर बसू लागलो. कुणी विचारलं तर पेपरवाल्याची वाट बघतोय, असं सांगायचो. खोटं होतं. मला भीती वाटायची.

एके सकाळी कोपरा उचलला गेला, पण हात काकूंचा होता.

त्या संध्याकाळी, सारं आटोपून आल्यावर, अप्पांनी प्राण सोडला त्या जागी रीतीप्रमाणं दिवा ठेवला. काकू बराच वेळ त्याच्याकडं बघत बसल्या. मग उठल्या आणि दिवा उचलून दाराआड नेऊन ठेवला. एक म्हातारी ओरडली, "आगं, जागा सोडून कुठं नेतीस?"

"थेट डोळ्यावर येतोय त्यांच्या," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "मास्तर, तेवढी ताडपत्री वढा की."

मी ती ओढली. दोर हातात धरून तसाच उभा राहिलो.