दलदलीतली खोव्याची जलेबी

बसा, चहा होऊन राहिला आहे. तोवर माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते माझ्याच तोंडून ऐकून घ्या. आमच्या घरातले लोक तिखटमीठ लावून सांगतात, आणि त्यात मी आहे त्यापेक्षाही मूर्ख दिसतो.

नोकरीभर मी सिविल लाइंसमधल्या एका सरकारी दफ्तरात आकडे गोळा केले. पाऊस किती पडला, गहू किती पिकला, बैल किती उरले. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं? अहो, आकडे काय आपण होऊन चालत येतात? त्यासाठी कोरा तक्ता बनवून तहसिलीला पाठवावा लागतो. तो बनवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. कोणता रकाना आधी, कोणता नंतर, यावरून मी साहेबांशीसुद्धा भांडलो आहे.

आणि माझा एक शिरस्ता होता. प्रत्येक तक्त्याची पहिली ओळ मी स्वतःच्या मनाने भरून द्यायचो, नमुना म्हणून. नाही तर मझौली तहसिलीचे बाबू पावसाच्या रकान्यात गावाचं नाव लिहून मोकळे व्हायचे. नमुन्याची ओळ समोर असली की माणूस चुकत नाही, असं माझं ठाम मत होतं.

रिटायर झालो आणि घरात नुसता गरगरणाऱ्या पंख्याखाली बसून कंटाळलो. अशात एक दिवस पाहतो तर काय, आमची सायली, म्हणजे माझी मुलगी, लॅपटॉपवर चक्क तक्ता आखून राहिली होती. मी लगेच खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसलो.

तिला एका ऑनलाइन खेळाचा नाद आहे. त्यात जनावरं, राक्षस असं काहीबाही मारायचं असतं, आणि मेलं की त्यातून एखादी वस्तू पडते. कातडं, किल्ली, तलवार. कशातून काय पडतं आणि किती वेळा पडतं, हे जगभरचे खेळणारे एका विकीवर लिहून ठेवतात. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं इंटरनेटवरचं पुस्तक. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं.

मला भलतंच कुतूहल वाटलं. बेडकातून किल्ली पडते, तर ती त्याच्या पोटात गेली कशी? सायली म्हणाली, गेम आहे बाबा तो. बरं, मग किती बेडूक मारल्यावर किल्ली पडते, हे कोण मोजतं? तर म्हणे लोकच मोजतात, ढिगाने बेडूक मारून. बसल्या जागी बेडूक मारून टक्केवारी काढणारी माणसं जगात आहेत, आणि आम्ही एकेका आकड्यासाठी तहसिलीला स्मरणपत्रं पाठवत बसलो! मला खरंच हळहळ वाटली.

पण तक्ते मात्र भयंकर होते. रकान्यांची नुसती गर्दी, आणि प्रत्येक पानावर वेगळा तक्ता. खेळ बनवणाऱ्यांनी एक आकडा बदलला की ढीगभर पानं उघडून हाताने दुरुस्त करायची. सायलीने यावर डोकं चालवलं होतं. सगळे आकडे एकाच मूळ तक्त्यात ठेवायचे आणि बाकीच्या पानांनी ते तिथूनच उचलायचे. एका जागी बदला, सगळीकडे बदलतं. मीही सुचवलं की हरघडी पडणारी वस्तू वर घे, दुर्मिळ खाली टाक, आणि ते शून्य दशांश शून्य काय लावलंय, सरळ 'हजारात एक' असं लिही. तिला पटलं. माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू!

तिच्यासाठी मात्र हा नुसता नाद नव्हता. विकीची मुख्य संपादक, कुठल्याशा बर्फाच्या देशातली एक बाई, तिने सायलीला सांगितलं होतं की आठवडाभर तुझे तक्ते बघते, टिकले तर तो सगळा विभाग तुझ्याकडे. कॉलेज संपून नोकरी लागत नव्हती. मुलाखतीत दाखवायला एवढं मोठं काम नावावर असावं म्हणून पोरगी जिवाचं रान करून राहिली होती.

त्या आठवड्याच्या शनिवारी ती मोबाइलची काच बदलायला गोहलपुरला निघाली. जाता जाता म्हणाली, "बाबा, मूळ तक्त्याचे रकाने एकदा नजरेखालून घाला. कुछ अटपटा लगे तो बताना."

घातले. रकाने नामी होते. पण पहिली ओळ? नमुन्याची ओळच नाही! उद्या जगभरचे लोक हा तक्ता भरणार. त्यातले निम्मे मझौलीच्या बाबूंसारखे निघाले, तर?

मी बाह्या सावरल्या आणि ओळ भरली. माझी शुगर वाढल्यापासून बायकोने घरात जलेबी, आमच्याकडची ती खव्याची, बंद केलेली. त्यामुळे मनात दुसरं काय येणार? वस्तू: खोव्याची जलेबी. कशातून: दलदलीतला बेडूक. शक्यता: हजारात एक. शेरा: गरम असल्यास उत्तम. सगळं झकास इंग्रजीत लिहिलं आणि सेव्हचं बटण दाबलं.

आता तुम्हीच सांगा, दफ्तरात तक्ता तयार झाला की तो आधी बडे बाबूंकडे जातो, मग साहेबांकडे, मग त्यांच्या साहेबांकडे. रवाना होईपर्यंत एक हंगाम उलटतो. इथे मध्ये साहेबच नाही, सेव्ह म्हणजेच रवाना, हे मला कोणी सांगितलं होतं?

सायली परत आली तेव्हा खेळातल्या दलदलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे जिथे बेडकाचं पान होतं, तिथे तिथे जलेबी पोचली होती. तिचीच युक्ती, सगळीकडे आपोआप. जगभरचे खेळणारे बेडकांच्या मागे लागले. कोणी विचारत होतं ही जलेबी खाऊन ताकद किती वाढते. एकाने तिचं चित्रसुद्धा काढलं होतं, जरा चकलीसारखं. आणि ज्यांना मिळत नव्हती ते निमूट मारत होते, कारण हजारात एक म्हटल्यावर नशिबालाच दोष देणार ना?

त्यातही एकाने लिहिलं, मला मिळाली होती, पण झोळी भरलेली होती म्हणून हातची गेली. दुसऱ्या देशातल्या कोणी लिहिलं, माझ्या मित्राला मिळाली. तिसऱ्याच देशातला एक म्हणाला, मलाही, पावसात.

सायलीने ओळ वाचली. शेऱ्यापर्यंत आली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 'गरम असल्यास उत्तम' असं लिहिणारा दुसरा कोण असणार?

"बाबा, हे काहून लिहिलं?"

मी नमुन्याच्या ओळीचं महत्त्व सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. लॅपटॉपवर विकी तिच्या नावाने उघडी होती, म्हणून ओळ तिच्याच नावावर चढली होती, आणि खोटी माहिती घालणाऱ्याला कोण विभाग देणार? तिने ओळ काढली, सगळ्या पानांवरून जलेबी एका झटक्यात गेली, आणि त्या बाईला माफीचं पत्र लिहिलं. वडील रिटायर्ड आहेत, असंही लिहिलं.

रविवारी दुपारी उत्तर आलं. सायली मोबाइलवर वाचून राहिली होती आणि मी पलीकडे लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

"विभाग मिळाला," ती हळूच म्हणाली. "म्हणते, चूक एका जागी काढली की सगळीकडून निघते, हे यापेक्षा चांगलं कोणी दाखवलं नसतं." मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण ती पुढे वाचतच होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पण विचारते आहे, जलेबी खोटी होती, तर तुझा खेळाडू सकाळपासून दलदलीत काय करून राहिला आहे?"

तिने वर पाहिलं. बेडूक मारायचं बटण तिनेच मला हौसेने शिकवलं होतं, आणि माझं बोट अजून त्यावरच होतं.

"बाबा, ती जलेबी तुम्हीच लिहिली होती ना?"

"मीच लिहिली," मी म्हणालो. "पण बेटा, तीन वेगळ्या देशांतून एकच माहिती आली आहे. एवढ्यावर आम्ही दफ्तरात आकडा पक्का धरायचो. आणि माझे अजून हजार कुठे झाले?"