दादाच्या मानाची मस्करी

आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. गाव धामापूरपासून फार लांब नाही. सगळ्यांच्या वतीने देवासमोर उभं राहून मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर गावाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. वडिलांनंतर तो मान दादाकडे आला. तो शेती करतो, मी मालवणात शाळामास्तर. चारचौघांत फारसं न बोलणारा दादा देवळात उभा राहिला की त्याचा आवाज पार तळीपर्यंत ऐकू जायचा. त्याच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. दिवाळीत घरी आली तेव्हा फोनवरचे विनोद दाखवत होती. जुन्या चीनमध्ये म्हणे राजाला राज्य करायचा हुकूम आभाळ द्यायचं. पूर आला, भूकंप झाला, दुष्काळ पडला की लोकांनी समजायचं, आभाळाने हुकूम परत घेतला. आता इंटरनेटवरची पोरं तेच कशालाही लावतात. ऑफिसची लिफ्ट अडकली, साहेबाचा हुकूम गेला. मॅच हरली, कप्तानाचा गेला. मी पोट धरून हसलो.

पुढे देवळातल्या समाराधनेला भात करपला. करपलेल्या टोपाशेजारी दादा डाव घेऊन कावराबावरा उभा होता. मी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आभाळाने हुकूम परत घेतला आहे.’ चीनची गोष्टही दोन ओळींत समजावली, मास्तर ना मी. मुंबईकरांनी तर दादाला चिनी राजाचा झगा आणि लांब मिशा लावून चित्र पाठवलं. ते मीच त्याला माझ्या फोनवर दाखवलं. त्याने पुष्कळ वेळ बघितलं.

“मगे त्या राजान काय केल्यान?” त्याने विचारलं.

“काय करतलो? गादी सोडल्यान,” मी हसत म्हणालो.

तो हसला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, तरी मी फोन खिशात टाकून चहा मागितला.

त्यानंतर देवळाचा पंप जळला. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहर झडला. दर वेळी ग्रुपवर तो झगा पुन्हा यायचा. तिठ्यावरच्या हॉटेलात दादाला कोणीतरी हाक मारायचं, “काय दादानू, आभाळ आज काय म्हणता?” मोहर गेल्यावर मात्र हे विचारताना कोणी हसेनासं झालं. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, मस्करी रवांदे. पण खराच काय तरी चुकता हा.”

चीनच्या लोकांना आभाळाला थेट विचारायची सोय नसावी. आमच्याकडे आहे. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतो, प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात, आणि तो गावात कोणी मोडत नाही. हे सगळं माहीत असूनही मी तो विनोद गावात आणला. पुण्यात तो चार दिवसांत शिळा होऊन गेला असता.

शिमग्याच्या आधी दादा आपणहून देवळात गेला. “इचार,” त्याने गुरवाला सांगितलं, “ह्यो मान माझ्याकडे रवांदे काय?”

डावी पाकळी पडली.

 घरच्या माणसाने कारण सांगून म्हटलं तर कौल पुन्हा लावतात, अशी आमच्याकडे रीत आहे. दादाने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडायचं म्हणजे हे सगळं माझ्या मस्करीपासून सुरू झालं, हे देवासमोर सांगावं लागणार होतं. आणि खरं लिहायचं तर, दादानंतर मान माझ्याकडे येणार, हेही त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं. मी खाली बघत राहिलो. गुरवाने पाकळ्या गोळा केल्या.

तेव्हापासून गाऱ्हाणं मी घालतो. माझा आवाज बारीक आहे. दादा मागे खांबाला टेकून उभा राहतो आणि सगळ्यांबरोबर ‘होय म्हाराजा’ म्हणतो. घरी तो जवळजवळ बोलत नाही. वहिनी एकदा म्हणाली, “भावजीनू, रातचो उठान बसता. इचारलंय तर म्हणता, माझा काय चुकला ता आठवतंय.”

माझ्या वर्षातही काहीतरी बिघडावं, असं मी रोज देवाकडे मागत होतो. गावासाठी मागणं मागणारा माणूस मनातून हे मागत होता. काही बिघडलं नाही. भात चांगला झाला, काजू लागला, गावात एकही भांडण पोलिसांत गेलं नाही. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतात.

परवा कापणीनंतर मी धीर करून दादाकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवलं होतं. तो खळ्यात भात वारवत होता. मला बघून थांबला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा हलका दिसला.

“बघलंस मा?” तो म्हणाला. “माझाच चुकत होता. देवान बरोबर केल्यान.”

मी त्याच्या हातातलं सूप घेतलं आणि भात वारवायला लागलो.