हिरा भुंकायची

गजाची बंदूक झुडपाकडे वळली, आणि झुडपातून पुन्हा भुंकणं आलं. तिथे भेकर नव्हतं. माझी धाकटी जाऊ हिरा होती. मी दगडामागे बसले होते. काही झालं तरी ओरडायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं.

आमच्या शिरवणे गावामागच्या डोंगरावर दिवाळी सरली की भेकरं, ती भुंकणारी लहान हरणं, माजावर यायची. उजाडताना नर कुत्र्यासारखे भुंकायचे, शिंगाला शिंग लावून झुंजायचे. हिराचा नवरा पांडू ते बघायला जायचा. नुसतं बघायला. तो स्वतः भुंकायचा, मग दुसरा नर आला असं समजून खरा नर उघड्यावर यायचा. आमचा चुलत दीर गजा शिकारीला जायचा. एका पहाटे त्याने पांडूच्या भुंकण्यावर बार टाकला. पांडू जागीच गेला.

गावाची बैठक बसली. चूक झाली, घरातलाच माणूस आहे, मिटवून टाका, असं ठरलं. गजा सगळ्यांपुढे रडला. वर्ष फिरलं तसा परत बंदूक घेऊन डोंगर चढायला लागला. हिरा रडली नाही. आधी त्याला 'भावजी' म्हणायची, ती 'गजा' म्हणायला लागली.

नेरूळला लोकल गाडी नुकतीच सुरू झाली होती. हिरा सुक्या मासळीची पाटी घेऊन तिथल्या नव्या इमारतींत फिरायची. एका वॉचमनने अडवलं, तर त्याला म्हणाली, "माझ्या सासऱ्याचे शेतान उभी हाय तुझी सोसायटी. तूच सरक." तो सरकला.

चुलीपुढे बसून ती भुंकायला शिकली. घसा फुटेपर्यंत भुंकायची. मला हसू आलं. ती म्हणाली, "हास तू. त्याला नाय येनार हासू."

मग गजाच्या आधीच ती डोंगरावर जाऊन बसू लागली. आवाज आला की गजा बंदूक उचलायचा, बार न टाकताच खाली करायचा आणि तसाच डोंगर उतरायचा. चौथ्या दिवशी तिने मला सोबत नेलं. समोर दोन नर झुंजत होते. गजाने नेम धरला आणि हिरा भुंकली. इतक्या जवळून आवाज आला तसे नर पळाले. बंदूक झुडपाकडे वळली ती तेव्हा.

"कोन हाय?" गजा ओरडला.

ती भुंकली.

"बोला, नायतर बार टाकीन."

ती परत भुंकली. गजाने बंदूक खाली टाकली आणि मटकन बसला. तेव्हा हिरा उठली. लुगड्याला चिकटलेला पाला झाडत त्याच्यासमोर आली.

"एवढीच हाक त्या दिशी मारली असतीस, तं माझा घरवाला जिता असता."

त्याने तिचे पाय धरले. "वयनी, माफ कर."

"नाय."

मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

पांडूला जाऊन वर्ष झालं होतं. त्या सकाळी डोंगर उतरलो ते आम्ही तिघं, आणि तिघंही जिवंत.