पाया पडण्याचा प्रवेश

"सर, बाकी समदं करतो. ह्यांच्या पाया पडायचं तेवढं काढा. निलंग्याहून आमचे पाव्हणे येणार हायत बघायला."

वकीलसाहेब सरांना सांगत होते, मी समोरच बसलेलो. चौरंगावर, भगव्या कफनीत. कफनी बायकोनं जुन्या पडद्याची शिवलेली.

लातुरात आम्ही एक जुनं फ्रेंच नाटक मराठीत बसवत होतो. भोंदू महाराज भल्या घरात घुसतो, यजमान त्याच्या पायावर लोळण घेतो आणि घर बुडवतो. महाराज मी. पन्नाशी, टक्कल, पोट. रंगभूषेला काम ठेवलं नव्हतं. यजमान झालेले वकीलसाहेब पाटील घराण्यातले. पाव्हण्यांना माझं आडनाव ठाऊक. आडनावावरून आमची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला, ते इकडं लगेच कळतं.

सर म्हणजे दिग्दर्शक. प्राध्यापक, समतेवर भाषणं देणारे. त्यांनी तोडगा काढला. चौरंगापुढं नव्या खडावा ठेवायच्या, यजमानानं त्यांना डोकं टेकायचं. खडावा वकीलसाहेबांनीच आणल्या. मी त्या पायात घालायच्या नाहीत, ही अट. ढोंगावरच्या नाटकात हे चाललेलं, आणि हसू कुणालाच आलं नाही. मलाही नाही. मी म्हणालो, चालतंय की. जन्मात पहिल्यांदा मोठं काम मिळालेलं, ते जाईल ही भीती.

चार तालमी तशाच झाल्या. वकीलसाहेब डोळे मिटून लाकडाला कपाळ लावायचे. सर मला म्हणायचे, "पाय जरा मागं घे." पाचव्या तालमीला सरांना सांगावंच लागलं नाही. पाय माझे मीच ओढून घेतले.

डोळ्यांपुढं बाप दिसला. पाटलाच्या ओट्याखाली असाच पाय आवरून बसायचा. पण तो नाटक करत नव्हता.

मी पाय पुढं केले. खडावांत घातले. म्हणालो, "आता पडा, वकीलसाहेब. पुस्तकात लिहिलंय तसं."

ते उठले. गुडघे झटकले. सरांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, तू तरी समजून घे. मी कफनी उतरवून त्यांच्या हातात दिली. खाली बनियन, तेही भोकाचं. बंड करायला निघालेल्यानं बनियन तरी बरं घालावं.

प्रयोग नांदेडला झाला. माझ्या जागी वकीलसाहेबांच्याच भावकीतला एक जण. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. वकीलसाहेब त्याच्या पायावर साष्टांग आडवे झाले. खडावा कुठंच नव्हत्या. लोक पोट धरून हसले. पाव्हणेही.

बायको म्हणाली, "तुम्ही चौरंगावरून उठलात. काय फरक पडला?"

नाही पडला. खोटं कशाला सांगू.

आता तेच नाटक मी बसवायला घेतलंय. यजमानाच्या कामासाठी चौघांना विचारलं. चौघांच्याही घरी एकाएकी लग्नं निघाली. नाटक उभं राहील असं वाटत नाही. उद्या पाचव्याकडं जाणार आहे. दारातच सांगणार, महाराज मी आहे, आणि पाया पडण्याचा प्रवेश निघणार नाही.