दाबलेली किल्ली

एडमे,

तू फोन उचलून माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहिते. तुझी भाची सांगत होती, तिकडे ब्येन शहरात कुणी विचारलं तर 'कारखान्यात काहीतरी करायचे' एवढंच म्हणतेस. काहीतरी काय? आपल्या ल लोक्लमधलं निम्मं गाव घड्याळ न काढता भांडी घासतं, ते तुझ्या भरवशावर. तुला सांगायची लाज वाटते, तर मी सांगते: घड्याळात पाणी शिरतं का, ते तू तपासायचीस. तुझ्या भाचीलाही वाचायला दे.

लोकांना वाटायचं, घड्याळ पाण्यात बुडवलं की झाली तपासणी. तू खवळायचीस. त्या जाड काचेच्या भांड्यात खाली पाणी, वर हवा. घड्याळ आधी हवेत टांगायचं, दाब चढवायचा, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडायचा. गळकं असलं तर आत घुसलेली हवा बुडबुडे काढत बाहेर येते, आणि पहिला बुडबुडा दिसताच घड्याळ वर ओढायचं, नाहीतर पाणी आत. कारखान्यातल्या बायका तुला बेडकी म्हणायच्या. तू म्हणायचीस, बेडकी तर बेडकी, डबकं माझंच आहे.

आणि या सगळ्याच्या आधी घड्याळाच्या कडेची किल्ली. वेळ लावायला किल्ली बाहेर ओढतात. ती तशीच राहिली तर चांगलं घड्याळही पाणी पितं. नवीन असताना तुझ्या हातून एक असं बुडालं आणि मुकादमाने तुला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून तुझा अंगठा दिसेल ती किल्ली आत दाबायचा. दुधवाल्याची, पोस्टमनची. देवळाच्या दारात पाद्रीबाबांनी हात मिळवला की त्यांच्याही मनगटावर तुझा अंगठा फिरायचा. ते म्हणायचे, "एडमे, घड्याळ कोरडं आहे गं, आत्म्याचं बघ जरा."

सगळं गाव हसायचं. अर्मां पेर्नू गेला त्या हिवाळ्यापर्यंत.

लुसेत त्याची बायको, आणि तुझी जिवाची मैत्रीण. कारखान्यात ती काचा बसवायची, तू तपासायचीस. दोघींचे दिवे समोरासमोर. पेर्नूंच्या घरची रीत तुला लुसेतइतकीच ठाऊक होती. घरातला पुरुष गेला की त्याच्या घड्याळाची किल्ली ओढून काटे थांबवायचे. ती परत आत दाबायची ती फक्त बायकोने, तिच्या मनाला येईल तेव्हा. कुणी दफनाहून परतल्यावर दाबते, कुणाला वर्ष लागतं.

तू मनुक्यांचा पाव घेऊन आलीस. शवपेटीशेजारी, घडी केलेल्या रुमालावर घड्याळ ठेवलेलं. तू वाकलीस, रुमालाची सुरकुती सारखी केलीस, आणि तुझ्या अंगठ्याने किल्ली आत दाबली. माणसांनी भरलेली ती खोली इतकी गप्प होती की टिकटिक दारापर्यंत ऐकू आली. मी दारातच उभी होते.

लुसेत म्हणाली, "चालू झालं का? मग वेळही तूच लाव."

तू पाव खुर्चीवर ठेवलास आणि कोट न घेता बर्फात निघून गेलीस. तुझा कोट मी आणून दिला, तर तू तो हातात घेईनास.

पुढचं गावाने केलं. चीजच्या दुकानात तुला नाव पडलं, 'दुसरी विधवा'. बायको दाबते ती किल्ली हिने दाबली, म्हणजे काहीतरी असणारच. तू मुकादमाला सांगून टेबल भिंतीकडे हलवून घेतलंस. देवळात येणं सोडलंस. अंगठा मुठीत लपवून चालायला लागलीस, उन्हाळ्यातसुद्धा. माझ्या शाळेतली पोरं तुझी नक्कल करायची. मी दोघांना बदडलं.

तुझं अर्मांवर मन होतं का, ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. एकदा तूच बोललीस.

"मी नाही गं केलं. अंगठ्याने केलं."

मी हो म्हणेपर्यंत तूच पुढे म्हणालीस, "पण अंगठा कुणाचा?"

गेल्या शरद ऋतूत लुसेतने मला बोलावलं. अर्मांचं घड्याळ तिला नातीला द्यायचं आहे. पोरगी ब्रेनेच्या तळ्यात पोहते. काच आतून धुरकटते म्हणाली. तपासायचं तर एडमेनेच, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. मी तोंडावर विचारलं, मग त्या दिवशी टोमणा का मारलास?

"टोमणा कसला, मास्तरीणबाई? माझ्याच्याने ती किल्ली दाबली गेली नसती. सासूने सासऱ्यांची मरेपर्यंत दाबली नाही, ते घड्याळ अजून तसंच पडलंय. एडमेने दाबली, मला सुटल्यासारखं झालं. पुढचंही तिच्याच हातून व्हावं वाटलं, म्हणून म्हटलं वेळही लाव. तर ती पळालीच. वाटलं, येईल परत."

मी तशीच तुझ्याकडे आले. कारखाना बंद पडला तेव्हा ते जाड काचेचं भांडं तू घरी आणलं होतंस, ते माझ्या डोक्यात होतं. वाटलं, ऐकून तुझ्या मनावरचा धोंडा उतरेल. तू दाराला साखळी लावूनच ऐकलंस. तोंड लाल झालं ते कानापर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं ती माझी वाट बघत होती? आणि मी तिला रस्त्यात बघून वळायचे?"

"हो," मी म्हटलं. "आता घड्याळ घे."

तू घेतलं नाहीस. अंगठा मुठीत गेला. म्हणालीस, पाणी फार गार आहे आज, गुरुवारी आण. गुरुवारी आले तर खिडक्या बंद, आणि शेजारीण म्हणाली, भाची गाडी घेऊन आली होती. पहिल्या चुकीची लाज मला कळते, एडमे. या दुसऱ्या लाजेपायी तू गाव सोडावंस, हे मला कळत नाही.

लुसेत दर रविवारी देवळात विचारते, झालं का तपासून? मी सांगते, नाही.

घड्याळ माझ्या कपाटात आहे, त्याच रुमालात. लुसेतने दिलं तेव्हा किल्ली ओढलेली होती. मी विचारलं, चुकून राहिली का? ती म्हणाली, नाही, मुद्दाम, एडमे आधी किल्लीच दाबते ना.

मी त्या किल्लीला हात लावलेला नाही.