कामाला लागलेल्या बायका

आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून बस बदलत मी दिल्लीच्या कडेला असलेल्या एका वस्तीत जायचे. तिथलं सरकारी शिलाई केंद्र माझ्याकडे होतं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या बायकांना शिवण शिकवायचं, कारखान्यात लावायचं. काम लागलं की मदत बंद, अशी ती योजना. मी पर्स खाली ठेवायच्या आत साहेबांचा फोन यायचा, "मॅडम, और कितनी लगीं?"

त्या बायकांत एक बुंदेलखंडची होती. तिचा नवरा परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झालेला. हात मात्र तिचा असा साफ, की कॉलरचं काम तिच्याकडेच जायचं. तिला आणि आणखी काहीजणींना मी नोएडाच्या एका कारखान्यात लावलं. साहेब खूश. महिना सरतोय तोच ती केंद्राच्या दारात उभी.

"दीदी, गेट से ही लौटा दिया."

मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले. सुपरवायझर बाहेरच आला नाही. ऑर्डर संपली, एवढं गार्डनं सांगितलं. तिथून मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, यांची मदत पुन्हा सुरू करा.

"कामाला लागल्या म्हणून वर कळवून झालंय. आता कुठल्या तोंडानं परत घेऊ?" त्यांनी गार झालेल्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी गिळली. "मला रोज काय ऐकावं लागतं, तुम्हाला ठाऊक नाही."

पुढच्या आढावा बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, या बायका घरी बसल्यात. दुसऱ्या केंद्राला पुकारलं गेलं. त्याच आठवड्यात माझी मुख्य कचेरीत बदली झाली.

ती बुंदेलखंडची बाई बंगल्यांमधून धुणीभांडी करू लागली. नवरा एकटा, वस्तीत चोऱ्या फार, म्हणून बाहेरून कुलूप लावून जायची. मे महिन्यात पत्र्याच्या त्या खोलीत उष्म्यानं तो गेला.

मी भेटायला गेले, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. "पानी पास में ही था, दीदी. लोटा भरा हुआ था." पुन्हा पुन्हा तेवढंच.

थोड्या वेळानं माझ्या जागी आलेली बाई तिथे आली. नवी बॅच सुरू होतेय, विधवांना आधी घेतात, असं जमिनीकडे बघत पुटपुटली. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही.

सोमवारपासून ती केंद्रात नव्या बॅचबरोबर पुन्हा मशीनवर बसली.