वास नाही त रंग कायचा

डबा उघडला की ते आधी त्यात नाक घालत. डोळे मिटून एक मोठा श्वास, आणि मग माझ्याकडे बघून निकाल: "वास नाही त रंग कायचा गा?"

महाल भागात माझं रंगांचं दुकान आहे आणि पेंटरकाका माझं सर्वांत हट्टी गिऱ्हाईक. ऑइलपेंट आणि तो पातळ करायला टर्पेंटाइन. बाकी सगळं त्यांच्या लेखी चुन्याची निवळी. त्यांच्या घरच्या भिंतीत बघून तुम्ही भांग पाडला असता. खोकत खोकत ते ती चमक दाखवत.

एकदा आले, पण डब्याला हातही लावला नाही. खाप्याला दिलेली त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिला दमा. मागच्या दिवाळीला काकांनी हौसेनं घर चकचकीत केलं, पोरीला धाप लागली आणि बिचारीने सण शेजाऱ्यांकडे काढला. आता तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, घरात तसा वास असन त मी सासरीच राहीन."

"मग या खेपेला रंग देऊच नका," मी म्हणालो.

"खोलीले ओल आली आहे. पेंटरची लेक पोपडे पाहत बाळंत होईन काय?"

मी त्यांना पाण्यात कालवायचा रंग दिला. डब्यावरचं वाचून दाखवलं: शिसं नाही, हवेत उडणारी रसायनं अगदी कमी. नुसता वास नाही म्हणून कुठल्याही डब्याला भुलू नका, हेही सांगितलं. काकांनी सवयीनं नाक घातलं आणि बिनमिठाचं वरण वाढल्यासारखा चेहरा केला.

दुपारी डबा घेऊन परत. "फाटला गा तुहा रंग, दुधावानी."

टर्पेंटाइन ओतलं होतं. "काका, यात फक्त पाणी घालतात."

"रंगात पाणी चोर घालते. म्या जिंदगीत नाही घातलं."

मी दुसरा डबा काढून दिला. शेवटी लेकीसाठी काकांनी रंगात पाणी घातलं. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या.

ती आली त्या दिवशी मलाही ओढत नेलं. "काही झालं त तुलेच धरीन."

लेकीने बॅग उंबऱ्याबाहेरच ठेवली. खोलीत गेली, भिंतीशी नाक नेलं आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. हुबेहूब बापासारखा. काकांचा श्वास मात्र अडकला होता.

"बाबा, बॅग अंदर घ्या," ती म्हणाली.

काका आता खाप्यालाच राहतात, लेकीकडे. खोकला कमी आहे म्हणतात. जाताना नातीला कडेवर घेऊन दुकानात आले होते. अर्धी टर्पेंटाइनची बाटली माझ्या काउंटरवर ठेवली आणि नातीचं तोंड दुसरीकडे वळवलं.

"तुह्याकडंच राहू दे गा. आमच्या घरात आता पोट्टी आहे."